बाप्तिस्मा १८८३ चा, ख्रिस्त सापडला १८९१ ला: पंडिता रमाबाईंचं चर्चच्या आतलं भांडण

पंडिता रमाबाईंबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं ते बहुतेक एकाच भांडणाबद्दल असतं. बाई ख्रिस्ती झाल्या, पुणं चिडलं, शारदा सदन, केसरीतली टीका, रानडे-भांडारकरांचे राजीनामे वगैरे. ते भांडण मोठं होतंच, प्रश्नच नाही. पण याच बाईंचं दुसरंही एक भांडण अनेक वर्षं चालू होतं, चर्चच्या आतलं, आणि ते शाळेच्या पुस्तकात तर येतच नाही पण आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येसुद्धा कुणी धड सांगत नाही, कारण सगळ्यांनाच रमाबाई आपल्या बाजूच्या हव्या असतात.

मुद्दा काय तर माणूस ख्रिस्ती नक्की कधी होतो? डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडतं तेव्हा, का आतून काहीतरी उमगतं त्या दिवशी? आजही नव्या फेलोशिपमधला एखादा उत्साही ब्रदर जुन्या मंडळीतल्या मावशीला गाठून विचारतो, "तुमचं तारण झालंय का?" आणि मावशी उखडते, "अरे माझ्या पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, तू कोण विचारणारा?" दोघांच्या हातात बायबल तेच, दोघंही मनापासून बोलतायत, आणि दोघांनाही दुसऱ्याचा प्रश्नच कळत नाही. रमाबाईंच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकाच माणसात येतात, तेही तारखेसकट. म्हणून हे प्रकरण घेतलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी लागेल, नाहीतर रमाबाई जिथे ख्रिस्ती झाल्या ते इंग्लंडमधलं वाँटेज म्हणजे काय ते कळणार नाही. १८३३ पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये ऑक्सफर्ड चळवळ सुरू झाली, म्हणजे काय तर जुन्या परंपरेकडे परत चला, संस्कार, बिशपांचा अधिकार, प्राचीन मतांगीकार (म्हणजे "आम्ही हे हे मानतो" अशी चर्चने ठरवलेली विधानं), जोगिणींचे म्हणजे नन्सचे मठ हे सगळं पुन्हा आणा. त्याच चर्चमध्ये दुसरीकडे इव्हँजेलिकल लोक होते, त्यांचं म्हणणं बायबल आणि मनाचं परिवर्तन हेच खरं, बाकीचं नंतर. हे दोघं एकाच छपराखाली कसे राहत होते त्याचा नमुना म्हणजे गोरहॅम खटला. बाप्तिस्म्याने तान्हं बाळ आपोआप नव्याने जन्मतं हे गोरहॅम नावाच्या धर्मगुरूला मान्य नव्हतं, म्हणून एक्झेटरच्या बिशपांनी १८४७ मध्ये त्याची तासन् तास तोंडी परीक्षा घेऊन त्याला नेमणूकच नाकारली, प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८५० मध्ये निकाल गोरहॅमच्या बाजूने लागला. संस्काराचा अर्थ सरकारी न्यायाधीश ठरवणार म्हटल्यावर काही जण चिडून सरळ रोमन कॅथलिक झाले. अशा वातावरणात, १८४८ मध्ये, वाँटेज गावात सेंट मेरीच्या सिस्टर्सचा मठ निघाला, परंपरेच्या बाजूचा. त्यांचंच काम पुढे पुण्यात पंचहौदला आलं. हो, तेच पंचहौद जिथे १८९० मध्ये चहा प्यायल्यामुळे टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. चहाचं प्रकरण सगळ्यांना पाठ असतं, पण ज्यांनी तो चहा पाजला ते ख्रिस्ती लोक कुठल्या पंथाचे होते हे कुणी विचारत नाही.

रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. डॉक्टरकी शिकायची होती (ती कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे पुढे जमली नाही), इंग्रजी शिकायचं होतं, आणि राहण्या-शिकण्याच्या बदल्यात पुण्याला जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायची असं ठरलं होतं. वय पंचवीस. आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, दीड वर्षापूर्वी नवरा पटकीने गेलेला, कडेवर मनोरमा. तिथे सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपलं एक काम दाखवायला नेलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठीचा आश्रम. रमाबाईंनी नंतर स्वतः लिहिलंय की हे बघून त्या हलल्या, कारण आपल्या शास्त्रांत अशा बाईला शिक्षा आहे, दया नाही, आणि इथे ह्या बायका त्यांची सेवा करतायत. त्याचं कारण विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर येशू समाजाने टाकलेल्या बाईशी बोलतो ती गोष्ट. बरोबरीने आधीच ख्रिस्ती झालेल्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांची पत्रं येत होती, तर्कशुद्ध, शास्त्र्याने शास्त्रीणबाईला लिहिलेली. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसकट बाप्तिस्मा घेतला. नाव मेरी रमा. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात तिथे आत्महत्या केली, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते दिवस काही भजन गात गेलेले नव्हते.

आता वाँटेजच्या हिशोबाने गोष्ट इथे संपली पाहिजे. पाणी पडलं, नवा जन्म झाला, आता चर्च जे शिकवतं ते शिकायचं आणि वाढायचं. सिस्टर जेराल्डीन या धर्ममाता, त्यांची जबाबदारी. आणि इथूनच पत्रव्यवहार पेटतो. हा सगळा पत्रव्यवहार जेराल्डीनबाईंनीच जपून ठेवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. एका इंग्रज जोगिणीची खासगी फाईल महाराष्ट्र शासनाच्या पैशाने छापली गेली ही मला फार मजेशीर गोष्ट वाटते.

रमाबाई अंडं-मांस खायला तयार नाहीत, जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसतो. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतमध्ये का नकोत, असं रमाबाई विचारतात, लॅटिन काय जास्त पवित्र आहे का? चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघते तर मुंबई आणि लाहोरचे बिशप हरकत घेतात, की यामुळे हिंदुस्थानात बाईंचं नाव खराब होईल. रमाबाईंचं उत्तर साधारण असं की माझ्या बापाला आणि नवऱ्याला जे खटकलं नाही ते तुम्हाला कसं खटकतं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी जो खरा मुद्दा होता तो असा, की मोठ्या कष्टाने मी ब्राह्मण पुरोहितांचं जोखड मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घ्यायला मी तयार नाही. बिशप म्हणाला म्हणून देवाची आज्ञा होत नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण त्यात विचार करायचा हक्क सोडून दिलेला नाही.

मतांगीकारांवर तर फारच जुंपली. अथानेशियन क्रीड नावाचा जो जुना मतांगीकार आहे त्यात त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बारीक वर्णन आहे आणि जो हे मानणार नाही त्याचा नाश होईल असंही आहे, आणि तो ठराविक सणांना चर्चमध्ये मोठ्याने म्हणायचा. रमाबाईंनी विचारलं, हे असं बायबलमध्ये कुठे आहे, मला दाखवा. त्रैक्य पटत नाही, कुमारीजन्म पटत नाही, आणि पटत नसताना मी तोंडाने कसं म्हणू? मनोला काय शिकवायचं यावरही तेच. जे मला अजून पटलेलं नाही ते माझ्या पोरीला आधीच घोटून पाजू नका.

जेराल्डीनबाईंना खलनायिका करणं सोपं आहे आणि बऱ्याच जणांनी ते केलंय. मला ते अर्धवट वाटतं. त्यांच्या जागी उभं राहून बघा ना, या बाईने चर्चमध्ये सगळ्यांसमोर मतांगीकार म्हणून बाप्तिस्मा घेतला, आपण तिच्या धर्ममाता, देवासमोर शब्द दिलेला, आणि आता ती म्हणते मला यातलं निम्मं पटत नाही. परंपरा मानणाऱ्या माणसाला श्रद्धा ही खासगी मालमत्ता नसते, ती शेकडो वर्षांच्या मंडळीकडून आपल्या हातात आलेली ठेव असते, एकटीने बसून एकेक कलम तपासायचं आणि पटलं तर घ्यायचं हा प्रकार त्यांना उद्धटपणाच वाटणार. चेल्टनहॅमच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांना मात्र कळलं होतं की हिला दाबून उपयोग नाही, प्रश्न विचारू द्या. तरीही नातं तुटलं नाही. "आजीबाई" म्हणून रमाबाई जेराल्डीनना लिहीत राहिल्या. भांडणाच्या पत्राला आजीबाई असा मायना, हे मराठी माणसालाच कळेल.

सगळ्यांना वाटलं बाई आता युनिटेरियन होणार, म्हणजे त्रैक्य सोडून देणाऱ्यांत जाणार. तशी चिन्हंही होती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेला गेल्या, बोस्टनला १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन निघालं, त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियनच. शारदा सदन, विधवांसाठीची त्यांची शाळा, ११ मार्च १८८९ ला मुंबईत उघडलं ते धर्म शिकवणार नाही या अटीवर.

आणि मग झालं भलतंच.

१८९१ च्या सुमाराला रमाबाईंच्या हातात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हा हॅसलम मूळचा ऑक्सफर्ड चळवळीवालाच, कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचा, संस्कार-वेदी-परंपरा सगळं कडक पाळणारा. १८५१ मध्ये तो प्रवचनपीठावर उभा राहून बोलत असताना त्याला स्वतःच्याच शब्दांनी गाठलं, आणि खाली बसलेला एक जण ओरडला की पाद्रीसाहेबांचंच परिवर्तन झालं! म्हणजे पाद्री होऊन, बाप्तिस्मे देऊन, प्रभुभोजन देऊन झाल्यावर त्याचं तारण झालं. हे वाचून रमाबाई स्वतःकडे वळल्या. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

हे वाक्य वाँटेजच्या कानांनी ऐकून बघा. आठ वर्षं मी फक्त धर्मात होते असं म्हणणं म्हणजे तुम्ही जो संस्कार केला तो पुरेसा नव्हता असं तोंडावर सांगणं. आणि इव्हँजेलिकल कानांना हेच वाक्य म्हणजे साक्षीचा अगदी आदर्श नमुना, म्हणून ते हजार ठिकाणी छापलं गेलंय. पण दोन्हीकडे एक गोष्ट निसटते. १८९१ नंतर त्रैक्याबद्दलच्या त्यांच्या शंका मावळल्या. ज्या गोष्टी बिशप, जोगिणी आणि पाच-सात वर्षांचा पत्रव्यवहार मिळून पटवू शकले नाहीत त्या त्यांनी स्वतःच्या वाटेने घेतल्या. पोचल्या जवळजवळ तिथेच, पण कुणाच्या सांगण्यावरून नाही.

गोऱ्यांची गोष्ट याच्या बरोबर उलटी, म्हणून इथे सांगतो. नीलकंठशास्त्री गोरे, काशीचे चित्पावन, १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा, तोही चर्च मिशनरी सोसायटीकडून, म्हणजे इव्हँजेलिकल लोकांकडून. आणि पुढे हळूहळू ते परंपरेकडे सरकले, पंचहौदच्या मंडळींबरोबर फादर गोरे झाले, उपासतापास, व्रतस्थ राहणी, संस्कार, सगळं. त्यांना वाटलं बायबल एकट्याने वाचून प्रश्न सुटत नाही, प्राचीन मंडळीचा आधार लागतो. दोघंही शास्त्र कोळून प्यायलेले ब्राह्मण घरातले, दोघांनीही जुना धर्म वाद घालून सोडलेला, आणि एक जण इकडून तिकडे तर दुसरी तिकडून इकडे. त्यामुळे इव्हँजेलिकल म्हणजे अडाण्यांचं आणि परंपरा म्हणजे शिकलेल्यांचं, किंवा एक परदेशी आणि दुसरं देशी, असले हिशोब मराठी ख्रिस्ती इतिहासात चालत नाहीत.

१८९३ चं पुण्यातलं शारदा सदनाचं वादळ सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. १८९६-९७ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्य प्रांतातून मुली आणायला गेल्या, केडगावला मुक्ती हे आश्रमाचं काम उभं राहिलं, १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ २००० बायका-मुली होत्या. १८९८ मध्ये त्या इंग्लंडच्या केझिक अधिवेशनाला, म्हणजे इव्हँजेलिकल लोकांच्या मेळाव्याला, गेल्या, तिथे हिंदुस्थानी ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा यावा म्हणून प्रार्थना करा असं मागून आल्या. मुक्ती कुठल्याही मिशनच्या, कुठल्याही पंथाच्या ताब्यात दिलं नाही. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती पंथांची जी खिचडी बघितली होती, त्यांनी तिला बाबेल म्हटलंय, ती केडगावात नको होती.

जून १९०५. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रोजच्या प्रार्थनेचा गट चालू होता, सत्तर मुलींपासून वाढत साडेपाचशेपर्यंत गेलेला. २९ तारखेच्या रात्री एका मुलीला अंगात आग पेटल्यासारखं झालं, दुसरी बादली घेऊन पाणी आणायला धावली आणि मग लक्षात आलं की खरी आग नाहीये. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहान आठवा अध्याय शिकवत होत्या, नेहमीसारख्या शांतपणे, आणि सगळ्या मुली एकदम रडायला, मोठमोठ्याने प्रार्थना करायला, पापं कबूल करायला लागल्या. शिकवणं थांबलं. पुढे महिनोन् महिने हे चालू राहिलं आणि १९०६ च्या शेवटाला काही जणी अन्य भाषांत, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्याच्या बातम्या आल्या.

आता ज्या बाईवर आधी मतांगीकार म्हणत नाही म्हणून आरोप होता तिच्यावर आता अति होतंय म्हणून आरोप. काही मिशनरींनासुद्धा हे रुचलं नाही, हा काय गोंगाट, हे काय अंगात येणं, ख्रिस्ती उपासना म्हणजे शिस्त. रमाबाईंनी जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा की हिंदुस्थानी माणूस मोठ्याने रडतो, मोठ्याने हसतो, देवाने त्याला असंच केलंय, त्याला इंग्रजी मापाचे कपडे घालू नका. क्रूसावरच्या संस्कृत अक्षरांचा मुद्दा वीस वर्षांनी परत आला बघा! पण त्याच वेळी, आणि हे आजच्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणाऱ्या) भावांनी जरा थांबून वाचावं, अन्य भाषा बोलणं हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण आहे असं त्यांनी मान्य केलं नाही. खरी आणि अत्यावश्यक खूण प्रीती, बाकीची दानं नाकारू नका, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः अन्य भाषांत बोलल्याची नोंद नाही.

केडगावचं हे वारं कुठवर गेलं तर थेट चिलीपर्यंत. मुक्तीत काम करणाऱ्या मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते चिलीतल्या वालपाराइसोच्या मेथडिस्ट पाळक विलिस हूव्हर यांच्या घरी पोचलं, कारण त्यांची बायको आणि मिनीबाई एकेकाळी बरोबर शिकलेल्या. १९०९ मध्ये तिथेही तसंच झालं, १९१० मध्ये हूव्हरना मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडावं लागलं आणि तिथली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. म्हणजे जुनी मंडळी विरुद्ध नवी मंडळी या भांडणाचं बी आपल्या दौंड तालुक्यातून निर्यात झालेलं आहे. आपल्याला वाटतं सगळं अमेरिकेतूनच आलं.

एक गोष्ट मला या प्रकरणात खुपते आणि ती टाळून पुढे गेलो तर ते बरोबर नाही. मनोला न पटलेलं शिकवू नका म्हणून वाँटेजशी भांडलेल्या बाईंच्या आश्रमात दुष्काळातून आलेल्या, अन्नवस्त्रासाठी पूर्ण अवलंबून असलेल्या मुलींचे बाप्तिस्मे शेकड्यांनी झाले, बैलगाड्यांतून भीमेवर जाऊन. त्या मुलींपैकी कुणी नाही म्हणू शकत होती का? रमाबाईंची बाजू अशी की कुणावर सक्ती नव्हती, ज्यांना हवं होतं त्यांनीच घेतला, आणि त्या मनापासून तसं मानत होत्या यात मला शंका नाही. पण पंचवीस वर्षांची पंडिता जेराल्डीनबाईंना जसं उलट लिहू शकत होती तसं दहा वर्षांची अनाथ मुलगी रमाबाईंना लिहू शकत नव्हती. स्वतःच्या अनुभवावर उभा राहिलेला धर्म दुसऱ्याला देताना परत संस्थेचा धर्म होतो, हे वाँटेजला चुकलं नाही आणि केडगावलाही नाही.

शेवटची बरीच वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द त्यांना नको होते, खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं होतं, आणि बायबल स्वतः मुळातून वाचल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतंच. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

आज काय चित्र आहे? फेलोशिपवाल्यांच्या रमाबाई १९०५ पासून सुरू होतात, स्त्रीवादी अभ्यासकांच्या रमाबाई शारदा सदनाला थांबतात, जुन्या मंडळ्यांत भाषांतर आणि दुष्काळातलं काम सांगतात आणि अन्य भाषांचं प्रकरण हळूच गाळतात. आणि इंग्लंडचं चर्च, ज्याच्या बिशपांशी त्या भांडल्या, त्याने आपल्या कॅलेंडरात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावाने ठेवलाय. तिथे नाव छापतात पंडिता मेरी रमाबाई, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार. बाप्तिस्म्याच्या दिवशीचं ते मेरी वाँटेजने अजून सोडलेलं नाही.